ऋतूंचा तक्ता आणि वर्गाबाहेरचे ऋतू

पहिली-दुसरीच्या बहुतेक वर्गांत भिंतीवर ऋतूंचा एक तक्ता असतो. पावसाळ्याच्या चित्रात छत्री घेतलेला मुलगा, हिवाळ्याच्या चित्रात स्वेटर घालून शेकोटीभोवती बसलेली मंडळी आणि उन्हाळ्याच्या चित्रात माठ, पंखा आणि आंब्याची फोड. खाली महिने लिहिलेले: जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते जानेवारी, फेब्रुवारी ते मे. प्रत्येक ऋतूच्या वाट्याला मोजून चार महिने. तक्ता सुबक असतो, मुलांना आवडतो आणि 'ऋतू किती व कोणते?' या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सगळा वर्ग बरोबर लिहितो. माझी तक्रार या बरोबर उत्तराबद्दलच आहे.

सात वर्षांच्या मुलाने सहा-सात पावसाळे पाहिलेले असतात. ते शेतकऱ्याच्या घरातले असेल तर त्यांपैकी एखादा कोरडा गेला, एखाद्यात दुबार पेरणी करावी लागली, हेही त्याने घरातल्या बोलण्यातून ऐकलेले असते. ज्या थोड्या विषयांत मूल शाळेत येताना स्वतःचे भांडवल घेऊन येते, त्यांतला हा एक. आपण ते भांडवल दाराबाहेर ठेवायला लावतो आणि हातात तक्ता देतो. तक्त्यातला ऋतू पुण्याचा नसतो आणि बुलढाण्याचाही नसतो. तो छापखान्याचा असतो.

हे जरा खुलासेवार पाहू. उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल हे गाव घेतो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेच्या अंगाला शेगाव. अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

तक्ता म्हणतो की ऑक्टोबरात हिवाळा सुरू होतो. वरवट बकालच्या मुलाच्या दृष्टीने ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी आणि पाऊस थांबल्यावर पुन्हा तापू लागलेले ऊन. तक्ता म्हणतो की फेब्रुवारीत उन्हाळा लागतो. मुलाच्या घरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे गोधडी सोडवत नाही. 'हिवाळ्यात पानगळ होते' हे वाक्य तर हमखास सापडते आणि सोबत लाल-पिवळ्या पानांचे चित्र असते. ते चित्र युरोप-अमेरिकेतल्या शरदाचे आहे. तेथे दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की पाने रंग बदलतात आणि गळतात. आपल्याकडचा कडुनिंब आणि सातपुड्यातले साग-पळस पाने टाकतात ती मुख्यतः हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, जमिनीतली ओल आटत चालते तेव्हा. येथे झाडाला थंडीची अडचण नाही, पाण्याची आहे. शाळेच्या आवारात निंबाखाली झाडू मारणाऱ्या मुलांना पाने कधी पडतात हे नीट ठाऊक असते. तरीही परीक्षेत ती 'हिवाळ्यात' असेच लिहितात, कारण गुण तेथे मिळतात. विज्ञानाच्या पहिल्याच पाठात मूल शिकते ते हे, की डोळ्यांनी पाहिलेल्यात आणि छापलेल्यात फरक पडला तर छापलेले खरे धरावे. पुढे दहावीपर्यंत कितीही प्रयोगवह्या भरून घेतल्या तरी ही सवय जाणे कठीण असते.

शिवाय 'ऋतू किती?' हा प्रश्नच घोटाळ्याचा आहे. बोलण्यात तीन, पंचांगात सहा आणि वरच्या वर्गात पृथ्वीच्या कललेल्या आसाची आकृती आली की चार. यांतला कोणताही आकडा खोटा ठरवण्याची गरज नाही. माणसांनी आपापल्या प्रदेशातल्या सोयीने वर्षाचे केलेले हे भाग आहेत. परंतु ते कळायला मुलाने आधी स्वतः एक रेघ ओढून पाहायला हवी. आपल्या गावात यंदा पावसाळा कोणत्या दिवशी लागला? पहिली सर आली तेव्हा, की पेरणीजोगी ओल झाली तेव्हा? दुसरी-तिसरीतल्या मुलांपुढे हा प्रश्न टाकून पाहावा. मुले हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणात व्याख्या म्हणजे काय याची जेवढी समज येते तेवढी व्याख्या पाठ करून येत नाही.

आता कृतींकडे वळू. 'कृतीतून विज्ञान' ही घोषणा जुनी झाली आहे आणि पुस्तकांत कृतींची वाणही नाही. पण त्या कृती बहुधा कोणत्याही महिन्यात, कोणत्याही गावी करता येतील अशा बेताने लिहिलेल्या असतात. लेखकाच्या दृष्टीने तो गुण असेल; ऋतूंच्या बाबतीत तोच दोष आहे. बीज अंकुरण्याचा प्रयोग पाहा. वाटीत ओला कापूस, त्यावर मटकीचे चार दाणे, तीन दिवसांनी कोंब. मूल कोंबाचे चित्र काढते, प्रयोग संपतो. मोड आलेली मटकी त्याने घरी शंभरदा खाल्लेली असते, तेव्हा त्याला नवे काय कळले? याच सुमारास त्याच गावात घरोघर दुसरा प्रयोग चाललेला असतो. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे तर आधी त्याची उगवणशक्ती तपासावी लागते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि आठवड्याभराने उघडून मोजायचे. सत्तर किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणे चालेल. कमी उगवले तर त्या मानाने पेरताना जास्त घ्यावे लागेल, फारच कमी असेल तर विकत आणावे लागेल. या प्रयोगाचे उत्तर आधी कुणालाच ठाऊक नसते. मोजण्यात चूक झाली तर घरचे पैसे जातात. आणि शतमान हा धडा पाचवी-सहावीत येण्यापूर्वीच 'शंभरातले किती' ही कल्पना तिसरीतल्या मुलाच्या बोटांत येते. मटकीचे चार दाणे आणि सोयाबीनचे शंभर दाणे, दोन्ही कृतीच. पण पहिलीत मूल ठरलेले उत्तर पुन्हा पाहते आणि दुसरीत ते शोधते.

अशा कृतींसाठी फार लांब जावे लागत नाही. या भागातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात. काळ्या मातीचा चिखल एका पत्र्याच्या झाकणात आणि नदीची वाळू दुसऱ्या झाकणात काठोकाठ भरून उन्हात ठेवावी. चार-सहा दिवसांत माती झाकणाची कड सोडून आत सरकते, तडकते. वाळू होती तेवढीच राहते. मग शेतातल्या भेगेत काडी घालून ती किती खोल जाते हे मोजायला मुले आपण होऊन निघतात. (साप-विंचवाची भीती असते, म्हणून हात घालू देऊ नये.) पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्या गावांत तर उन्हाळा हीच प्रयोगशाळा आहे. एका काळ्या ताटलीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, दुसरीत पावसाळ्यात बाटलीत भरून ठेवलेले पावसाचे पाणी, दोन्ही सारखेच मोजून उन्हात ठेवायचे. पाणी उडून गेल्यावर पहिल्या ताटलीत पांढरा थर उरतो. तो किती जाड आहे याची तुलना दुसऱ्या गावाहून येणारी मुले आपापले पाणी आणून करू शकतात. बाष्पीभवन हा शब्द मागाहून सांगितला तरी चालेल. आपण पितो त्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न या तालुक्यात पोटाचा आहे.

कापसाकडे तर शाळेने अजून पाहिलेलेच नाही असे म्हणावे लागेल. कापूस म्हणजे पाठात 'नगदी पीक' आणि नकाशात काळी जमीन. पण भाद्रपदात शेताच्या बांधावर उभे राहिले तर एकाच झाडावर पिवळसर पांढरी आणि गुलाबी अशी दोन रंगांची फुले दिसतात. ती दोन जातींची आहेत काय? मुले बहुधा 'हो' म्हणतात. सकाळी उमललेल्या एका पांढऱ्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून तारीख लिहिली की दुसऱ्या दिवशी उत्तर मिळते: तेच फूल गुलाबी झालेले असते. दोरा तसाच ठेवावा. फूल गळते, बोंड धरते, आणि ते फुटायला साधारण दीड-दोन महिने लागतात. किती दिवस लागले हे प्रत्येक मुलाने आपापल्या दोऱ्यावरून मोजायचे. काहींची बोंडे मध्येच गळतील, काहींना अळी लागेल, तीही नोंदच. पुढे थंडीत हरभऱ्याचे रान येते. सकाळी त्यातून अनवाणी चालले की पाय चुरचुरतात, हे मुलांना माहीत असते. पहाटे झाडांवर स्वच्छ फडके पसरून पिळले की आंब मिळते. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर घासून तो वाळवावा आणि त्यावर आंबेचा थेंब टाकावा. शेजारी लिंबाच्या रसाचा, साबणाच्या पाण्याचा. आम्ल आणि अल्क या शब्दांची घाई नको, रंग पुरेसे बोलतात.

आता त्या २१ अंशांकडे येऊ. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य मुलांच्याच नव्हे, मोठ्यांच्याही तोंडी असते. वरवट बकालला सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो: एकदा २५-२६ मेच्या सुमारास आणि पुन्हा १७-१८ जुलैच्या सुमारास. तेही बाराला नव्हे. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि हे गाव त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून येथे मे महिन्यात माध्यान्ह होते ती साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी. मार्चमध्ये आणखी दहाएक मिनिटे उशिरा. एक मीटरची काठी सपाट जमिनीत सरळ रोवली तर माध्यान्हीची तिची सावली २२ डिसेंबरला जवळजवळ काठीएवढीच, म्हणजे ९८ सेंटिमीटर भरते. २१ मार्चला ३८ सेंटिमीटर. मेच्या अखेरीस नाहीशी होते आणि २१ जूनला चार सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. वर्षभर उत्तरेला पडणारी सावली बाजू बदलते. सूर्य उत्तरेला सरकतो, मागे फिरतो, हे ज्या मुलाने चुन्याच्या खुणांनी अंगणात आखले आहे, त्याला पुढे आसाचा कल समजतो. ज्याने आखले नाही त्याला ती आकृती म्हणजे एक चेंडू आणि त्यातून गेलेली तिरपी काडी. मग तो उन्हाळ्याचे कारण 'पृथ्वी सूर्याच्या जवळ येते' असे देतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हिवाळ्यात. पदवीधरांतही हा गैरसमज मी वारंवार पाहतो, आणि त्याचे मूळ बालवयात न पाहिलेल्या सावलीत आहे असे माझे मत आहे.

येथे एक अडचण येते आणि ती शिक्षकाच्या हातची नाही. विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास उघडते. ४४-४५ अंश उष्म्यात लहान मुलांना शाळेत बोलावू नये हे योग्यच. पण त्यामुळे होते काय? शून्य सावलीचा मेमधला दिवस सुट्टीत जातो. जुलैमधला ढगात जातो. धूळपेरणी, पहिला पाऊस, मातीचा वास, मृगाचा किडा, पेरणी, सारे काही शाळेचे कुलूप उघडण्याआधी होऊन जाते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, म्हणजे माध्यान्हीच्या आधीच मुले घरी. ज्या पंधरा दिवसांत या भागातला निसर्ग सर्वांत वेगाने बदलतो, नेमके तेच शाळेच्या वर्षात नाहीत. सुट्टीचा अभ्यास म्हणून शुद्धलेखनाची वीस पाने देण्याऐवजी अंगणात एक सरळ बाटली ठेवून मेचा शेवटचा आठवडा रोज बारा-वीसला सावली पाहा, एवढे सांगणे काही अवघड नाही. मृगाच्या किड्याचे पाय मोजून या, हेही सांगावे. आठ निघतात. म्हणजे नावात किडा असला तरी तो सहा पायांच्या कीटकांत बसत नाही, कोळ्याच्या गोतात बसतो. मखमली पाठीच्या या प्राण्याला काडेपेटीत कोंडून मारण्याची मुलांची खोड या मोजणीने थोडी कमी होते, हा वरचा फायदा.

हे सगळे नवे आहे असे मुळीच नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम निघाली तेव्हा कापूस, टकळी आणि शेती यांच्याभोवती सारे विषय गुंफण्याची, म्हणजे समवायाची, कल्पना तीत होती. पुढे पुष्कळ शाळांत टकळीचा तास तेवढा राहिला आणि समवाय सुटला. सूत मोजले गेले, कापसाला प्रश्न विचारले गेले नाहीत. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुले बाग, स्वयंपाक आणि सूत यांतून शिकतात. तेथे तो धागा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न दिसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि नंतर कोसबाडला गेलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र तर बालशिक्षणातले आपले सर्वांत मोलाचे काम. माँटेसरीचे महागडे साहित्य बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने, खडे वापरणे आणि गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेणे, या दोन गोष्टींना तोड नाही. कुरणशाळेला भिंतच नव्हती, त्यामुळे तक्ता टांगण्याचा प्रश्न आला नाही. सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले शिवारात जाऊन निरीक्षणे करीत आणि शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून आपल्या अडचणी मांडत. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. त्या मासिक बैठका मला प्रयोगसाहित्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. आज केंद्रीय बैठकांत माहितीचे तक्ते भरण्याला जेवढा वेळ जातो, त्याच्या चौथाई वेळ 'यंदा तुमच्या गावी पळस कधी फुलला?' याला मिळाला तर पुष्कळ होईल.

जपानने १९८९ च्या अभ्यासक्रमात, १९९२ पासून प्रत्यक्षात, पहिली-दुसरीतून विज्ञान आणि सामाजिक शास्त्र हे दोन्ही विषय काढून टाकले आणि त्यांच्या जागी 'सेइकात्सुका', म्हणजे जीवन-परिचय असा एक विषय आणला. पहिलीतली मुले कुंडीत मॉर्निंग ग्लोरीचा वेल लावतात, त्याची नोंदवही ठेवतात. विज्ञानाचा तास गेल्याने पुढचा पाया कच्चा राहील ही शंका रास्त आहे, आणि नोंदवह्या पुष्कळदा नुसत्या गोड चित्रांच्या होतात. पण एक गोष्ट मला फार आवडते. अनेक शाळांत वर्षाच्या शेवटी मुले आपल्या वेलाच्या बिया गोळा करून पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांना देतात. एका वर्षाचा प्रयोग पुढच्या वर्षाच्या हातात जातो.

आपल्याकडे मात्र पेटीचा मोह मोठा. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला: खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डे, गोष्टी, कृतिपत्रिका. वाईट मुळीच नाही. जेथे वर्गात पाटी-पेन्सिलीपलीकडे काही नाही तेथे तो मोठाच आधार आहे. भाषा आणि गणित यांसाठी तो उपयोगी पडेल. पण पेटीतली वस्तू जूनमध्ये आणि जानेवारीत सारखीच असते, आणि कपाटात कुलपात ठेवली तर अधिक सुरक्षित असते. हात चालवायला साहित्य दिले की 'प्रत्यक्ष अनुभव' झाला ही समजूत या पेट्यांनी पक्की होण्याचा धोका मला दिसतो. दुसरा धोका छायाचित्राचा. उपक्रम केला याचा पुरावा म्हणून फोटो पाठवायचा असतो, आणि फोटो एका दिवसात काढता आला पाहिजे. मग रोप लावतानाचा फोटो निघतो; रोप मेले की जगले, हे फोटोत येत नाही.

ऋतू एका दिवसात दिसत नाही, एका वर्षातही पुरता दिसत नाही. 'यंदा' हा शब्द 'मागच्या वर्षी' शिवाय अपुरा आहे. म्हणून शाळेला साहित्यापेक्षा वहीची गरज जास्त आहे: वर्गाची नव्हे, शाळेची, मुले पुढे गेली तरी जागेवर राहणारी. आवारातले एक ठरलेले झाड घ्यावे. निंब उत्तम. नवी पालवी, मोहोर, पहिली पिकली लिंबोळी, पानगळ, यांच्या तारखा. २०१० पासून भारतात चाललेला 'सीझनवॉच' हा उपक्रम असेच काम करतो. शाळांतली मुले एकेका झाडाची दर आठवड्याला नोंद करतात, आणि केरळातल्या शाळांनी त्यात सर्वांत मोठा वाटा उचलला आहे. त्याचे नमुने मोठ्या मुलांसाठी ठीक आहेत. सात वर्षांच्या मुलाला 'थोडी पाने, पुष्कळ पाने' या रकान्यांपेक्षा 'पहिले फूल कुणी पाहिले?' ही शर्यत अधिक मानवते. नोंदीत पाहणाऱ्याचे नाव जरूर घालावे.

पाऊसही मोजावा, मात्र नीट. कृतिपुस्तकांत बाटलीवर मोठे नरसाळे ठेवून पर्जन्यमापक केलेला असतो. नरसाळ्याचे तोंड बाटलीपेक्षा रुंद असले की पट्टीवरचे मिलिमीटर खोटे ठरतात, हे सांगायचे राहून जाते. सरळ भिंतीचा डबा आणि आत उभी पट्टी, एवढे पुरते. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसात कोसळलेल्या पावसाने शेतांची माती वाहून नेली. त्या दिवशी आपल्या गावात नेमका किती पाऊस पडला हे किती शाळांच्या दप्तरात असेल?

या मापनाला एक उपयोग बुलढाणा जिल्ह्यातच आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्ये वर्तुळात मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि वर पाण्याची घागर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून पाऊस आणि पिके यांचे अंदाज सांगतात. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते आणि आजूबाजूचे शेतकरी ते अंदाज आवर्जून ऐकतात. शाळेत याविषयी बोलायचे तर दोनच सूर लागतात, टिंगलीचा किंवा हात जोडण्याचा. मुलाच्या आजोबांची टिंगल करून विज्ञान शिकवता येत नाही, आणि हात जोडूनही नाही. चौथी-पाचवीच्या मुलांनी वर्तमानपत्रातला अंदाज वहीत उतरवून घ्यावा. 'जुलैत चांगला पाऊस' असे म्हटले असेल तर 'चांगला' म्हणजे किती मिलिमीटर, हे पाऊस पडण्यापूर्वीच वर्गाने ठरवून लिहून ठेवावे. पडल्यानंतर ठरवले तर कोणताही अंदाज खरा ठरवता येतो. शेजारी एक तिसरा रकाना असावा: दरवर्षी डोळे मिटून 'जूनपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त' असे सांगणाऱ्याचा. या भागात तो बरेचदा बरोबर येतो, आणि कोणताही अंदाज उपयोगी ठरायचा तर त्याने निदान या डोळे मिटलेल्या माणसाला हरवले पाहिजे. हवामान खात्यालाही हीच चाळणी लावावी. एप्रिलमधला त्यांचा अंदाज देशाच्या सरासरीच्या, म्हणजे ८७ सेंटिमीटरच्या टक्केवारीत असतो. वरवट बकालच्या डब्यात किती पडेल ते तो सांगत नाही, हे मुलांना आकड्यांवरून आपोआप कळेल. तीन-चार वर्षांच्या नोंदींनी निकाल लागणार नाही. दहा वर्षांच्या नोंदींवर बोलता येईल.

आणि येथेच खरी अडचण आहे. दहा वर्षांत शिक्षकाच्या दोन-तीन बदल्या होतात, वही नव्या माणसाला सापडत नाही किंवा रद्दीत जाते. म्हणून ती शिक्षकाच्या टेबलात न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात, जनरल रजिस्टरच्या शेजारी ठेवावी आणि कार्यभार देताना-घेताना यादीत तिचे नाव असावे. तपासणीसाठी मात्र ती मागू नये. तपासणी आली की पाऊस रोज व्यवस्थित पडू लागतो.